गुन्हा, व्यसन आणि समाज यांवरील चित्रपट कसे पाहावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र जोडले आहेत आणि जेथे उत्तर दुसरीकडे आले आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरांमध्ये काही चित्रपटांचे शेवट उघड झाले आहेत, कारण या प्रकारच्या चित्रपटांविषयी शेवट टाळून बोलता येत नाही.

१. नुसता थरारपट आणि विचार करायला लावणारा गुन्हेपट यांत नेमका फरक काय?

थरारपटात गुन्हेगार सापडतो की नाही हा मुख्य प्रश्न असतो आणि तो सुटला की प्रेक्षकही मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रपटात गुन्हेगार सापडल्यावर खरी अडचण सुरू होते. फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या १९३१ च्या जर्मन चित्रपटात लहान मुलांचे खून करणारा माणूस कोण, हे प्रेक्षकाला फार लवकर कळते. त्याच्या मागावर पोलीस असतातच. पण पोलिसांच्या रोजच्या धाडींमुळे धंदा बसला म्हणून शहरातील चोर-दरोडेखोरही त्याच्या शोधात निघतात. लांग या दोन्ही गटांच्या बैठका एकाआड एक दाखवतात, आणि त्या अशा जुळवतात की एका खोलीत सुरू झालेली हालचाल दुसऱ्या खोलीत पूर्ण होते. शेवटी गुन्हेगारांनीच भरवलेल्या न्यायालयात तो खुनी, आपण हे थांबवू शकत नाही असे ओरडून सांगतो, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात त्याच्याविषयीची घृणा आणि त्याला ठार मारायला उठलेल्या झुंडीची भीती एकदमच जागी होते.

खून, टोळी, तपास ही सामग्री दोन्ही प्रकारांत सारखीच असते. चित्रपट आपल्याला कोणाच्या शेजारी बसवतो, तेथून काय दिसू देतो आणि काय दिसू देत नाही, हे पाहू लागले की फरक आपोआप ध्यानात येतो. पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. सुरुवात कोणत्या चित्रपटांपासून करावी?

ज्यांना उपशीर्षके वाचत चित्रपट पाहण्याची सवय नाही, त्यांनी 'अर्धसत्य' (१९८३) पासून सुरुवात करावी. श्री. दा. पानवलकर यांच्या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिलेला आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट पोलीस, राजकारण, दारू आणि मर्दानगीची कल्पना हे सगळे एकाच माणसाच्या घुसमटीत आणून ठेवतो. त्यानंतर व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) आणि अकिरा कुरोसावा यांचा 'हाय अँड लो' (१९६३) पाहावा. 'एम' चौथ्या क्रमांकावर ठेवावा, कारण बोलपटाच्या अगदी आरंभीच्या काळातील संथ गती अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. रक्तपात आणि नशेची अत्यंत प्रखर दृश्ये असलेल्या चित्रपटांनी सुरुवात करू नये. त्यांत धक्का इतका मोठा असतो की बाकी काही दिसतच नाही.

३. मला फक्त गोष्ट कळते, बाकीचे काही दिसत नाही. पाहताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

गोष्ट कळणे ही कमी प्रतीची गोष्ट नाही. पहिल्या वेळी गोष्टच पाहावी आणि दुसऱ्या वेळी, शेवट ठाऊक असताना, जागा, आवाज आणि गाळलेल्या गोष्टी पाहाव्यात. यासाठी 'हाय अँड लो' इतका उपयोगी चित्रपट मला दुसरा ठाऊक नाही, कारण त्यात गुन्हा, व्यसन आणि समाज हे तिन्ही एकाच चौकटीत येतात. म्हणून त्याविषयी येथे जरा सविस्तर लिहितो.

पादत्राणांच्या कंपनीतील एक बडा अधिकारी कंपनी ताब्यात घेण्यासाठी आपले सर्वस्व गहाण ठेवतो, आणि त्याच वेळी त्याच्या मुलाचे अपहरण करायला निघालेला माणूस चुकून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा उचलतो. खंडणी द्यावी तर आयुष्यभराची कमाई जाते, न द्यावी तर दुसऱ्याचे मूल मरते. चित्रपटाचा पहिला मोठा भाग जवळजवळ पूर्णपणे टेकडीवरील घराच्या दिवाणखान्यात घडतो. येथे कोण उभे आहे, कोण बसले आहे आणि कोण कोपऱ्यात मान खाली घालून उभे आहे, एवढेच पाहत राहावे. ड्रायव्हर बहुतेक वेळ कडेला असतो, मुलगा त्याचा असूनही. त्याला बोलण्याचा हक्क नाही हे कोणी संवादात सांगत नाही. पात्रे ज्या पद्धतीने उभी केली आहेत तीच ते सांगते.

पुढे चित्रपट टेकडीवरून खाली उतरतो. खालच्या उकाड्याच्या वस्तीतून ते थंडगार घर सतत दिसत असते, आणि अपहरणकर्त्याचा द्वेष कोठून आला हे कोणत्याही भाषणाशिवाय कळू लागते. संपूर्ण चित्रपट कृष्णधवल असताना एकाच ठिकाणी गुलाबी धूर रंगीत दिसतो. प्रेक्षक त्या रंगाने चकित होतो. पण धूर कोठून निघतो आहे आणि तो कोणत्या उंचीवरून दिसतो आहे, हेही पाहिले पाहिजे.

आता गाळलेल्या गोष्टीकडे वळू. ओळख पटल्यावरही पोलीस अपहरणकर्त्याला लगेच पकडत नाहीत, कारण अपहरणासाठी मिळणारी शिक्षा त्यांना अपुरी वाटते आणि खुनाच्या आरोपाखाली त्याला फाशीपर्यंत न्यायचे असते. या पाठलागात तो नशेबाजांच्या एका गल्लीत शिरतो आणि हेरॉइन किती जालीम आहे हे पाहण्यासाठी ते एका व्यसनी स्त्रीला देतो. ती मरते. पोलीस मागावर असतानाच ती मरते, आणि तपास पुढे सरकतो. तिच्यासाठी कोणी थांबत नाही. पहिल्यांदा पाहताना बहुतेक प्रेक्षकही थांबत नाहीत, कारण तोवर चित्रपटाने आपल्याला पोलिसांच्या शेजारी बसवलेले असते. ही गोष्ट दुसऱ्या वेळी ध्यानात आली की पहिल्या भागातील ड्रायव्हरचे कोपऱ्यात उभे राहणेही वेगळे दिसू लागते.

४. गुन्हेगार पात्र मला आवडू लागते, त्याने निसटावे असे वाटते. हे चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, आणि अनेकदा दिग्दर्शकाला तेच हवे असते. जो माणूस पडद्यावर सर्वाधिक वेळ दिसतो, ज्याचे विचार आपल्याला ऐकू येतात आणि ज्याच्या योजना आपल्याला आधी कळतात, त्याच्या बाजूने मन झुकते. हा कथाकथनाचा जुना गुण आहे. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'गुडफेलाज' (१९९०) मध्ये टोळीतील माणूस स्वतःच निवेदन करतो. तो आपल्याला एका नाइटक्लबात मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, सर्वांच्या पुढे टेबलापर्यंत नेतो आणि आपणही त्या मानाने सुखावतो. नंतर त्याचे कोकेनचे व्यसन वाढते तसे संकलन तुटक होते, गाणी एकमेकांवर आदळतात, आणि तोच सोबती आता सहन होईनासा होतो. त्या वेळी आपण त्याच्यासोबत का निघालो होतो, असा प्रश्न स्वतःला पडला तर चित्रपटाचे काम झाले.

येथे एक भेद पाळावा. एखाद्याचे कृत्य समजणे आणि ते माफ करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. चांगला चित्रपट पहिली गोष्ट करतो आणि दुसरीचा निर्णय प्रेक्षकावर सोडतो. ज्या चित्रपटात गुन्हेगाराचे दुःख तपशिलात दिसते आणि त्याने ज्यांना दुखावले ते मात्र नुसते पडताना दिसतात, तेथे सावध व्हावे (प्रश्न ९ पाहावा).

५. व्यसनावरचे चित्रपट सगळे सारखेच का वाटतात?

तक्रार रास्त आहे. आधी मजा, मग घसरण, मग तळ, आणि शेवटी सुटका किंवा मृत्यू, ही चढउताराची रेघ इतक्या वेळा वापरली गेली आहे की पुढचे दृश्य आधीच कळते. बिली वाइल्डर यांच्या 'द लॉस्ट वीकएंड' (१९४५) ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवली आणि पुढील कित्येक चित्रपटांना ही रेघ आखून दिली. तो आजही पाहण्यासारखा आहे तो मात्र त्या रेघेमुळे नव्हे. खिडकीबाहेर दोरीला टांगून लपवलेली बाटली, बारच्या फळीवर ग्लासाच्या ओल्या वर्तुळांनी मोजली जाणारी रात्र, टंकलेखनयंत्र गहाण टाकण्यासाठी बंद दुकानांवरून केलेली पायपीट, अशा तपशिलांतून व्यसनी माणसाची दिवसभराची मेहनत दिसते. व्यसन हे पूर्णवेळ काम आहे, हे तो चित्रपट फार नेमकेपणाने सांगतो. आशेचा शेवट मात्र घाईने चिकटवल्यासारखा वाटतो, हे मान्य करावे लागते.

ही रेघ टाळणाऱ्या चित्रपटांत योआकिम ट्रिअर यांचा 'ऑस्लो, ऑगस्ट ३१' (२०११) पाहावा. व्यसनमुक्ती केंद्रातील एका तरुणाला नोकरीच्या मुलाखतीसाठी एका दिवसाची मोकळीक मिळते, आणि चित्रपट तेवढाच काळ दाखवतो. मुलाखतीत त्याला मधल्या रिकाम्या वर्षांविषयी विचारतात. उपहारगृहात बसून तो आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी ऐकतो. कोणी पुढच्या आयुष्याची यादी वाचून दाखवते, कोणी क्षुल्लक तक्रार करते. कोणी त्याच्याशी वाईट वागत नाही, आणि तरीही त्या सगळ्या बोलण्यांत त्याला शिरायला जागा दिसत नाही. नशेचे दृश्य जवळजवळ न दाखवता व्यसनानंतरचे एकाकीपण येथे पाहायला मिळते.

६. पडद्यावर दाखवलेले व्यसन वैद्यकीय दृष्टीने कितपत खरे असते?

काही बाबतींत बरेच खरे आणि दोन बाबतींत बहुधा दिशाभूल करणारे. पहिली दिशाभूल म्हणजे माणसाला खोलीत कोंडले, तो ओरडला, घामाघूम झाला आणि काही दिवसांत बरा झाला, हे दृश्य. हेरॉइनसारख्या पदार्थांचे विड्रॉवल, म्हणजे पदार्थ थांबवल्यावर शरीराला होणारा त्रास, अतिशय क्लेशदायक असते, परंतु दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवणे त्याहून धोकादायक ठरू शकते. झटके आणि भ्रमाची अवस्था येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून हे चित्रपटात पाहून घरी करून पाहण्याजोगे नाही, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. दुसरी दिशाभूल म्हणजे शरीर स्वच्छ झाले की व्यसन संपले, ही समजूत. पुन्हा घसरणे हा या आजाराचा नेहमी दिसणारा भाग आहे, आणि काही काळ थांबल्यानंतर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असल्यामुळे पूर्वीचेच प्रमाण घेतले तर ते प्राणघातक ठरू शकते. 'ऑस्लो, ऑगस्ट ३१' चा शेवट या पार्श्वभूमीवर पाहावा.

डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांचे व्यसन पडद्यावर क्वचित येते. डॅरेन अॅरोनॉफ्स्की यांच्या 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' (२०००) मध्ये मुलाच्या हेरॉइनइतकेच आईच्या वजन घटवण्याच्या गोळ्यांना स्थान आहे. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर तिच्याकडे मान वर करून पाहतही नाही. मला त्या चित्रपटातील गाजलेल्या वेगवान तुकड्यांपेक्षा हे साधे दृश्य अधिक भेदक वाटते.

७. हिंसा आणि नशा उघड दाखवल्याशिवाय परिणाम साधता येतो का? किती दाखवणे योग्य?

दोन्ही मार्गांनी साधतो. 'एम' मध्ये एका मुलीचा खून होतो तेव्हा आई हाक मारत राहते, रिकामा जिना दिसतो, जेवणाची न वापरलेली ताटली दिसते, झुडपातून चेंडू घरंगळत येतो आणि फुगा वरच्या तारांत अडकतो. एवढेच.

याच्या अगदी उलट मार्ग क्शिश्तोफ किश्लोव्स्की यांनी 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' (१९८८) मध्ये निवडला. त्यात एक तरुण टॅक्सीचालकाचा खून करतो आणि तो खून इतका लांबतो, इतका गबाळा आणि कष्टाचा आहे की पाहणाऱ्याला बाहेर जावेसे वाटते. त्यानंतर शासन त्या तरुणाला फाशी देते आणि तीही तितक्याच बारकाईने दाखवली जाते: दोर तपासणे, यंत्राला तेल देणे, सगळे. दोन्ही दृश्ये पाहिल्यावर पहिले कृत्य खून आणि दुसरे न्याय, असे सहजपणे म्हणता येत नाही. येथे लांबी कमी केली असती तर चित्रपटाचा मुद्दाच हरवला असता. त्यामुळे किती दाखवले हे मोजत बसण्यापेक्षा, दाखवलेल्या गोष्टीचा त्रास आपल्याला होतो की तिची चव लागते, हे तपासावे. संथगतीने, देखण्या प्रकाशात आणि चढत्या संगीतावर पडणारी प्रेते चव लावण्यासाठीच असतात.

८. असे चित्रपट पाहून लोक बिघडतात का? त्यांवर बंधने असावीत का?

या प्रश्नावर भांडण चित्रपटाइतकेच जुने आहे, आणि दोन्ही बाजू आपल्या सोयीचे अर्धे उत्तर देतात. धूम्रपानाबाबत पुरावा भक्कम आहे: अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तेथील सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या) २०१२ च्या अहवालाने चित्रपटांतील धूम्रपानाचे चित्रण आणि तरुणांनी धूम्रपान सुरू करणे यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला. गंभीर गुन्ह्यांबाबत मात्र एखादा चित्रपट पाहिला आणि माणूस खुनी झाला, इतकी सरळ साखळी मांडता येत नाही. दारिद्र्य, घरातील मारहाण, शस्त्रांची उपलब्धता आणि सोबत यांचे वजन त्यात फार मोठे असते.

बंधनांचा इतिहासही बोलका आहे. हॉलिवुडमध्ये १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या निर्मिती संहितेनुसार (पडद्यावर काय दाखवू नये याच्या नियमावलीनुसार) अमली पदार्थांचे व्यसन हा विषयच वर्ज्य ठरला होता. ऑटो प्रेमिंगर यांनी 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) हा हेरॉइनच्या व्यसनावरील चित्रपट संहितेच्या मंजुरीविनाच प्रदर्शित केला आणि १९५६ मध्ये ती संहिताच शिथिल करावी लागली. त्याआधी १९३२ च्या 'स्कारफेस'ला 'राष्ट्राची लाज' असे उपशीर्षक जोडावे लागले आणि गुंडगिरीविरुद्ध उपदेश करणारे दृश्य त्यात घालण्यात आले. ते दृश्य आज कोणाच्या लक्षात राहत नाही, गुंड मात्र लक्षात राहतो.

माझे मत असे की वयानुसार वर्गीकरण आवश्यक आहे आणि प्रौढांसाठी कात्री अनावश्यक आहे. मुलांविषयी प्रश्न १३ पाहावा.

९. मारली गेलेली माणसे, विशेषतः स्त्रिया, अशा चित्रपटांत नुसती प्रेते म्हणूनच का येतात?

कारण गुन्हेपटाचा पारंपरिक साचा प्रेत सापडल्यावर सुरू होतो आणि प्रेताला संवाद नसतात. यावर सोपा तपास असा की चित्रपट संपल्यावर मृत व्यक्तीविषयी, तिच्या मृत्यूखेरीज, काय सांगता येते हे आठवून पाहावे. बहुतेक वेळा काहीच सांगता येत नाही. हा दोष थोर दिग्दर्शकांच्या चित्रपटांतही आढळतो, आणि तो दिसला म्हणून चित्रपट टाकाऊ ठरत नाही. पण त्याविषयी बोलताना तो दोष झाकूही नये. प्रश्न ३ मधील नशेबाज स्त्रीचे उदाहरण याच जातीचे आहे, फक्त तेथे दिग्दर्शक ते जाणीवपूर्वक करतो की नाही यावर दोन मते होऊ शकतात.

१०. गरीब वस्ती म्हणजे गुन्हेगारी, असाच संदेश हे चित्रपट देत नाहीत का?

अनेक देतात, आणि कित्येकदा संवादातून नव्हे तर रंगांतून देतात. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या 'ट्रॅफिक' (२०००) मध्ये मेक्सिकोतील दृश्ये पिवळसर, करपल्यासारखी आहेत आणि अमेरिकेतील राजकारणी कुटुंबाची दृश्ये निळसर. वेगवेगळ्या कथा ओळखू याव्यात हा त्यामागील उपयोग समजू शकतो. परंतु त्या पिवळ्या रंगाची नंतर इतकी नक्कल झाली की एक संपूर्ण देश पडद्यावर कायम तापलेला आणि धोकादायक दिसू लागला.

याच्या विरुद्ध बाजूला 'बायसिकल थीव्ज' आहे. सायकल चोरीला गेलेला मजूर शेवटी स्वतः सायकल चोरतो, पकडला जातो, आणि त्याच्या लहान मुलाकडे पाहून मालक त्याला सोडून देतो. प्रमुख भूमिका करणारा माणूस व्यावसायिक नट नसून कारखान्यातील कामगार होता. गरिबीमुळे चोरी घडते असे सूत्र हा चित्रपट सांगत नाही; चोरी करण्याआधी त्या माणसाने किती दारे ठोठावली हे तो सांगतो. पोलीस ठाणे, संघटना, प्रार्थनास्थळ, ज्योतिष सांगणारी बाई, सगळीकडे तो जातो.

या संदर्भात चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मधील एक साक्ष विसरता येत नाही. एका सफाई कामगाराने लोकशाहिराच्या गाण्यामुळे आत्महत्या केली, असा खटला आहे. मृताची पत्नी साध्या आवाजात सांगते की तो गटारात उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सहन होत नसे. आणि आत झुरळे दिसतात का हे पाहून, हवा आहे की नाही ते ठरवायचा. न्यायालयात प्रश्न चालू असतो त्या गाण्याचा. व्यसनाला समाजाचा कोणता भाग कारणीभूत असतो, यावर एवढ्या कमी शब्दांत इतके बोलणारे दृश्य मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही, आणि ते व्यसनावरच्या चित्रपटांच्या यादीत कधी येतही नाही.

११. 'सत्य घटनेवर आधारित' असे लिहिलेले असते, ते कितपत मानावे?

त्या ओळीला पुरावा मानू नये. नावे, क्रम आणि हेतू बदलण्याची मुभा घेऊनच असे चित्रपट लिहिले जातात. तरीही वास्तवाशी त्यांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते. बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) दक्षिण कोरियात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या, तेव्हा न उलगडलेल्या खूनमालिकेवर बेतलेला आहे. त्यातील पोलीस मारझोड करून कबुलीजबाब मिळवतात आणि शेवटी माजी तपास अधिकारी थेट कॅमेऱ्यात, म्हणजे प्रेक्षकांत बसलेल्या कोणाच्या तरी डोळ्यांत पाहतो. २०१९ मध्ये डीएनए चाचणीमुळे खरा खुनी सापडला. तो दुसऱ्या गुन्ह्यासाठी आधीपासून तुरुंगातच होता. त्यांपैकी एका खुनासाठी सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या दुसऱ्याच माणसाची २०२० मध्ये निर्दोष मुक्तता झाली. मारहाणीच्या दृश्यांना काही प्रेक्षक पूर्वी हसत असत, कारण ती विनोदी अंगाने चित्रित केली आहेत. आता ती पाहताना हसू येणे कठीण आहे.

एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) या माहितीपटाने एका खुनाच्या खटल्यातील साक्षी इतक्या पोखरून दाखवल्या की शिक्षा झालेला माणूस १९८९ मध्ये तुरुंगातून सुटला. गंमत अशी की त्यात घटनेची नाट्यरूपे भरपूर आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येक साक्षीदाराचे खोटे त्याच्याच शब्दांनुसार घडवून दाखवले आहे.

१२. घरात व्यसनी व्यक्ती आहे. तिला असा चित्रपट दाखवला तर डोळे उघडतील का?

बहुधा नाही, आणि अपाय होण्याची शक्यता आहे. सुई, पावडर, भरलेला ग्लास, नशेची तयारी अशा दृश्यांमुळे तीव्र ओढ जागी होऊ शकते. नुकतेच व्यसन सोडलेल्या माणसासाठी हा धोका अधिक असतो. शिवाय 'बघ, तुझे असे होणार आहे' या सुरात दाखवलेला चित्रपट त्या व्यक्तीला अपमान वाटतो, आणि अपमानाने कोणाचे व्यसन सुटल्याचे ऐकिवात नाही. भीती घालण्याचा मार्ग किती फसवा आहे हे 'रीफर मॅडनेस' (१९३६) या प्रचारपटावरून कळते. गांजाच्या भयानक परिणामांची अतिशयोक्ती करणारा तो चित्रपट १९७० च्या दशकात तरुण प्रेक्षक विनोदी चित्रपट म्हणून पाहू लागले.

उपयोग झालाच तर तो घरच्यांना होतो. खोटे बोलणे, पैसे नाहीसे होणे, शपथा आणि पुन्हा घसरणे यांमागील यातना पाहून, हा सगळा नुसता हट्ट नाही, एवढे कळले तरी घरातील बोलणे बदलू शकते. व्यक्ती स्वतःहून पाहू इच्छित असेल तर आधी समुपदेशकाशी बोलावे. उपचाराची जागा कोणताही चित्रपट घेऊ शकत नाही (प्रश्न ६ पाहावा).

१३. मुलांना असे चित्रपट कोणत्या वयात दाखवावेत?

प्रमाणपत्रावरील वय ही खालची मर्यादा समजावी. त्यापुढे, आधी आपण पूर्ण पाहिलेला चित्रपटच सोबत बसून दाखवावा आणि मध्ये थांबवण्याची मुभा मुलाला द्यावी. संपल्याबरोबर तात्पर्य विचारू नये. 'बायसिकल थीव्ज' समंजस किशोरवयीन मुलांना दाखवता येतो. प्रश्न ६ आणि ७ मधील किश्लोव्स्की आणि अॅरोनॉफ्स्की यांचे चित्रपट प्रौढांसाठीच ठेवावेत.

१४. चित्रपट इतका अस्वस्थ करतो की अर्धवट सोडावासा वाटतो. सोडला तर रसिकता कमी ठरते का?

अजिबात नाही. स्वतःच्या आयुष्यात हिंसा किंवा व्यसन जवळून पाहिलेल्या माणसाला पडद्यावरची दृश्ये वेगळ्या ठिकाणी लागतात, आणि ते सहन करणे ही कसोटी नाही. अर्धवट सोडलेला चित्रपट पुढे कधीतरी, दिवसाउजेडी आणि कोणाच्या सोबतीने पाहता येतो. जे चित्रपट सोडूच न शकणाऱ्यांसाठी बनवलेले असतात, त्यांच्याविषयी मला थोडा संशयच वाटतो.

१५. व्यसनावर विनोद केलेला चालतो का? काही चित्रपट तर नशा मजेशीर आहे असेच दाखवतात.

नशेत सुरुवातीला सुख असते हे नाकारणारा चित्रपट खोटे बोलतो, आणि तरुण प्रेक्षकाला ते खोटे लगेच कळते. डॅनी बॉइल यांच्या 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) वर नशेला आकर्षक केल्याचा आरोप झाला. त्यात वेग, संगीत आणि थट्टा आहे हे खरे. पण जेथे ही नशा चालते त्याच खोलीत दुर्लक्षामुळे एक तान्हे बाळ मरते, आणि त्यानंतर आईसह सर्वांना पहिली गोष्ट सुचते ती पुढची सुई. विनोद असा मध्येच घशात अडकतो, तेव्हा त्याची जागा योग्य ठरते. ज्या चित्रपटात दारुडा केवळ तोल जाण्यासाठी आणि बरळण्यासाठी आणला जातो, त्याच्या घरी कोण वाट पाहत आहे हे कधीच दिसत नाही, तेथे विनोद आळशी असतो.

१६. शेवट उघडा सोडलेला असतो, अर्थ लागत नाही. याचे बरोबर उत्तर कोठे मिळेल?

अनेकदा एकच उत्तर नसते, पण म्हणून कोणतेही उत्तर चालते असेही नाही. चित्रपटात जे दिसले आणि ऐकू आले त्याच्याशी ते जुळले पाहिजे. टॉमस विंटरबर्ग यांच्या 'अनदर राउंड' (२०२०) मध्ये चार शिक्षक रक्तातील दारूचे प्रमाण ठरावीक पातळीवर ठेवण्याचा प्रयोग करतात, त्यांतील एकाचा जीव जातो, आणि शेवटी नायक बंदरावर बेभान नाचतो. हा आनंद की नवी घसरण? त्याच्या हातात तेव्हा बिअर आहे, मित्राचे दफन त्याच दिवशी झाले आहे, आणि पत्नीचा परत येण्याचा निरोपही आताच आला आहे. या तिन्ही गोष्टी सांभाळणारे उत्तर मी स्वीकारतो, एकही गाळणारे नाही.

'हाय अँड लो' चा शेवट तर उघडाही नाही, तरी त्यावर वाद होतो. फाशीची शिक्षा झालेला अपहरणकर्ता पादत्राणांच्या कंपनीतील त्या अधिकाऱ्याला भेटायला बोलावतो. दोघांमध्ये काच आहे आणि काचेत एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे प्रतिबिंब पडते. आपण पश्चात्तापाने बोलावलेले नाही, असे तो बजावतो, मग त्याचा आवाज सुटतो, पहारेकरी त्याला ओढून नेतात आणि मध्ये पत्रा खाली येतो. अधिकारी पाठमोरा बसून राहतो. त्याच्या मनात दया आहे, तिटकारा आहे की नुसता प्रश्न, हे त्याचा चेहरा दाखवून सांगता आले असते. कुरोसावांनी तो दाखवलेला नाही.